पीठे नावाचा सूत्रधार

कलचुरी संवत ९०७, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, रविवार. इसवी सनाच्या हिशेबाने ही तारीख ६ नोव्हेंबर ११५५ अशी येते. नर्मदाकाठी, आज आपण ज्याला भेडाघाट म्हणतो तिथे, एका विधवा राणीने बांधलेल्या शिवमंदिराच्या लेखावर ही तिथी कोरलेली आहे. राणीचं नाव अल्हणदेवी. त्रिपुरीच्या गादीवर तेव्हा तिचा मोठा मुलगा नरसिंह होता, आणि धाकट्या जयसिंहाचं नावही त्या लेखात आहे. शिलालेख वाचणारे लोक राजांची नावं आणि सनावळ्या शोधत या दगडाकडे आले, आणि त्यांना त्या भरपूर मिळाल्या. मला मात्र या लेखाचा शेवट सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे एका सूत्रधाराचं, म्हणजे बांधकामाची योजना करणाऱ्या स्थपतीचं, नाव आहे: पीठे.

जबलपूरच्या घमापुरातून निघालं, शहर ओलांडलं आणि भेडाघाटचा रस्ता धरला की वाटेत तेवर लागतं. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. मराठी वाचकाला हे नाव १९३९ सालच्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदामुळे ठाऊक असतं. पण त्याच्या सुमारे हजार वर्षं आधी, इथल्या पहिल्या युवराजदेवाच्या दरबारात राजशेखर हा कवी राहून गेला. त्याचं यायावर कुळ महाराष्ट्रातलं, आणि त्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. ‘विद्धशालभंजिका’ हे त्याचं नाटक त्रिपुरीतच रंगमंचावर आलं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे जबलपुरातल्या मराठी कुटुंबांनी पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला जायचं, संगमरवरी कडे आणि धुवाँधार दाखवायचा, ही आत्ताची रीत असली तरी या मुलखाशी मराठी माणसाची ओळख फार जुनी आहे.

अल्हणदेवी इथली नव्हती. ती मेवाडच्या गुहिल घराण्यातली. बाप विजयसिंह, आजा वैरिसिंह, पणजा हंसपाल. आई श्यामलादेवी ही माळव्याच्या परमार उदयादित्याची मुलगी. या शेवटच्या नात्यात एका मोठ्या वैराची गोष्ट दडलेली आहे. त्रिपुरीच्या कर्णाने अकराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात जो दरारा बसवला, त्यात माळव्याची धूळधाण झाली होती. भोजाच्या मृत्यूनंतर कोसळलेलं ते राज्य पुन्हा उभं केलं ते या उदयादित्याने. त्याचीच नात पुढे कर्णाच्या नातवाला, गयाकर्णाला, दिली गेली. दोन घराण्यांमधली तेढ मिटवण्यासाठी ही सोयरीक झाली असणार, असं या वंशावळीवरून दिसतं. लेख रचणाऱ्या कवीला हे सारं चांगलं ठाऊक होतं. त्याने सासरची वंशावळ जितक्या तोऱ्यात सांगितली, तितक्याच मानाने माहेरचीही सांगितली. कर्णाच्या नुसत्या नावाने पांड्य, वंग, कलिंग आणि हूण कसे हादरत, याचं वर्णन त्यात आहे. ते दरबारी अतिशयोक्तीने भरलेलं आहे, हे उघड आहे. तोवर कर्णाला जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं लोटली होती आणि राज्य आक्रसत चाललं होतं. अशा काळात घराण्याला आपलं मोठेपण दगडावर लिहून ठेवावंसं वाटावं, हे समजण्यासारखं आहे.

राणीने काय बांधलं, ते लेख नीट सांगतो. चंद्रमौळी शिवाचं मंदिर, त्याला वैद्यनाथ हे नाव. त्याच्याजवळ एक मठ. शिकण्या-शिकवण्यासाठी व्याख्यानशाळा. आणि बागांच्या रांगा. हा खर्च चालावा म्हणून दोन गावांचं उत्पन्न लावून दिलं: जाउली पट्टलातलं, म्हणजे परगण्यातलं, नामउंडी आणि नर्मदेच्या दक्षिण तीरावरचं मकरपाटक. कारभार पाहायला लाट परंपरेतला रुद्रराशी नावाचा पाशुपत तपस्वी नेमला. देऊळ, शाळा, बाग, पैसा आणि माणूस, असा पूर्ण विचार करून केलेलं हे काम आहे. नवऱ्यामागे उरलेल्या बाईने नुसतं पुण्य गाठीला बांधण्यासाठी केलेलं दान ते नव्हे. व्याख्यानशाळेचा उल्लेख मला विशेष वाटतो, कारण तिथे कुणीतरी रोज शिकवणार आणि कुणीतरी शिकणार हे राणीने गृहीत धरलं होतं.

लेखाच्या शेवटी ओळीने नावं येतात. काव्य रचलं शशिधराने. हा धरणीधराचा मुलगा, तर्कशास्त्रात पारंगत. दगडावर अक्षरं लिहून दिली ती त्याच्या भावाने, पृथ्वीधराने. पृथ्वीधर हा स्वतःही कवी होता. गयाकर्णाच्या काळातली, संवत ९०२ची तेवरची प्रशस्ती त्याचीच. लिहिलेली अक्षरं छिन्नीने खोदली बालसिंहाच्या मुलाने, महीधराने. आणि विश्वकर्म्याचे नियम जाणणाऱ्या पीठे नावाच्या सूत्रधाराने हे सारं योजलं. पृथू राजाने पृथ्वीची रचना केली तशी, असं कवी म्हणतो.

कवीने पीठेला पृथू राजाच्या पंगतीला बसवलं, ही साधी गोष्ट नाही. ती किती वेगळी आहे ते कळण्यासाठी बरंच लांब, दक्षिण इराकातल्या सुमेरमध्ये, पीठेच्या आधी सव्वातीन हजार वर्षं मागे जावं लागतं.

तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या मधल्या त्या गाळाच्या सपाट मुलखात चिखल हवा तेवढा, दगड मात्र नाही. घरं विटांची, देवळं विटांची, लिहायच्या पाट्यासुद्धा मातीच्याच. पण एका जागी दगडावाचून चालत नसे: दाराखाली. सुमेरी देवळाची दारं अवजड लाकडाची असत आणि त्यांना आपल्यासारखी बिजागरी नसे. दाराच्या एका कडेला उभा खांब असे. त्याचं खालचं टोक फरशीखाली बसवलेल्या दगडाच्या खळग्यात फिरे. बऱ्याचदा त्या टोकाला तांब्याची टोपी असे. जात्याच्या तळीवर पाळ फिरते तसं ते दार त्या दगडावर फिरायचं. विटेवर एवढा भार फिरवला तर विटेचा भुगा होईल, म्हणून हा दगड कठीणातला कठीण हवा. लगश या सुमेरी राज्याचा शासक गुडिया याने, इसवी सनापूर्वी २१००च्या जरा आधी, आपल्या इमारतींसाठी आणि पुतळ्यांसाठी काळा डायोराइट मगानहून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने, समुद्रमार्गे आणवला. त्याच्या लेखांत मेलुह्हाचंही नाव येतं. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक विद्वान मानतात. तिथून लाकूड, सोन्याची भुकटी आणि लाल अकीक येई. गुडिया देऊळ बांधत होता तेव्हा मोहेंजोदडो आणि हडप्पा अजून वसलेली होती.

इतक्या लांबून आणलेल्या दगडाचा खळगा कोरून झाला की उरलेल्या जागेवर राजा आपला लेख कोरवून घेई. गुडियाच्या अशा दगडांवरचा मजकूर ठरावीक असतो: एन्लिलचा बलाढ्य वीर, आपला धनी निनगिर्सू देव, याच्यासाठी लगशचा शासक गुडिया याने एनिन्नू हे देऊळ बांधलं. त्यापुढे फारसं काही नाही. हा लेख फरशीखाली, विटांनी बांधलेल्या खड्ड्यात असे. वरून ये-जा करणाऱ्याने तो वाचावा ही अपेक्षाच नव्हती. तो होता देवासाठी, आणि देऊळ पडल्यावर ते पुन्हा उभारायला येणाऱ्या पुढच्या राजासाठी. असे राजे खरोखर आले. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याने सिप्पारच्या सूर्यमंदिराखाली मुद्दाम खोल खणून नराम-सिनचा जुना पायालेख शोधून काढला आणि ३२०० वर्षांत कुणा राजाने तो पाहिला नव्हता असं अभिमानाने लिहून ठेवलं. वर्षांचा हिशेब त्याचा चुकला. अंतर सुमारे १७०० वर्षांचं होतं. पण आपल्या आधीच्या बांधणाऱ्याचं नाव हाती लागल्याचा त्याचा आनंद खरा होता.

एनिन्नू कसं बांधलं, याची कथा गुडियाने मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर सविस्तर लिहून ठेवली आहे. त्याला स्वप्न पडतं. स्वप्नात एक देव निळ्या राजावर्त दगडाच्या पाटीवर देवळाचा नकाशा काढत असतो. मग राजा स्वतः पहिल्या विटेची माती डोक्यावर वाहतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचा एक बसलेला पुतळा आहे, मांडीवर देवळाच्या आवाराचा नकाशा आणि शेजारी मोजपट्टी. योजना देवाची, हात राजाचे. ज्यांनी विटा पाडल्या, डायोराइट घासून गुळगुळीत केला, दाराचा खांब त्या खळग्यात नेमका उभा केला, त्यांची आठवण गुडियाने ठेवलेली नाही. दाराखालच्या दगडावरच्या एवढ्याशा जागेत दोनच नावं मावली, देवाचं आणि राजाचं.

भेडाघाटच्या दगडावर राजे आहेत, राणी आहे, शिव आहे, आणि तरीही योजना करणारा माणूस वेगळा सांगितला आहे. ती योजना त्याला स्वप्नात मिळाली नाही. ती त्याला येत होती, त्याने नियम शिकून घेतले होते. विश्वकर्म्याचा उल्लेख आहे तो शास्त्राचा उगम म्हणून. काम केलं ते पीठेने. मला हा फार मोठा फरक वाटतो. आणि तो एका कवीच्या लहरीतून आलेला नाही, त्याला आपल्याकडे जुनी परंपरा होती.

कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. जंबुद्वीपात श्रेष्ठ असं हे शैलगृह आपण पुरं केलं, असं तो सांगतो. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने एक दार दान दिलं, तेही तिथे कोरलेलं आहे. आणि त्याच दर्शनी भागात, त्या श्रीमंतांच्या बरोबरीने, धेनुकाकटचा एक सुतार आपलं नाव सांगतो: वेणुवासाचा मुलगा सामी. घराचं मुख, म्हणजे लेण्याचं प्रवेशद्वार, आपण केलं, असं त्याचं म्हणणं आहे. सुमेरमध्ये दाराखालच्या दगडावर राजा होता. इथे दारावर सुतार आहे. लेखातून बापाचं नाव आणि गावाचं नाव घेऊन तो उभा आहे. दोन हजार वर्षं उलटली, धेनुकाकट नेमकं कुठे यावर विद्वानांचे वाद झाले, पण सामीचं नाव जागच्या जागी आहे.

पुढे सतराव्या शतकात रायगडावर हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या देवळात शके १५९६चा मोठा संस्कृत लेख कोरवला, आणि पायरीच्या दगडावरही आपलं नाव घातलं. सेवेस तत्पर असलेल्या माणसाचं नाव पायरीवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी. ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि ती सांगताना आपला गळा भरून येतो, ते योग्यच आहे. पण पीठेचं नाव जबलपुरात किती जणांना माहीत आहे?

अल्हणदेवीचं देऊळ नेमकं कोणतं? भेडाघाटच्या टेकडीवर शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेलं की चौसष्ट योगिनींचं वर्तुळाकार आवार लागतं. भिंतीला लागून ८१ कोनाडे, त्यांत योगिनींच्या मूर्ती, बऱ्याच भंगलेल्या, आणि अनेकींच्या बैठकीवर त्यांची नावं कोरलेली. हे वर्तुळ राणीच्या आधीचं, साधारण दहाव्या शतकाच्या आसपासचं. मध्ये गौरीशंकराचं देऊळ आहे, नंदीवर बसलेले शिवपार्वती. या देवळात एक छोटासा लेख आहे: महाराणी गोसलदेवी, राजा विजयसिंह आणि अजयसिंह वैद्यनाथाला नमस्कार करतात. गोसलदेवी ही जयसिंहाची राणी, म्हणजे अल्हणदेवीची धाकटी सून. विजयसिंह हा नातू आणि अजयसिंह पणतू. सासूने स्थापलेल्या देवापुढे सून, नातू आणि पणतू यांचे हात जोडलेले, एवढंच त्यात आहे. पण देवाचं नाव तेच, वैद्यनाथ. म्हणून आजचं गौरीशंकर म्हणजेच अल्हणदेवीचं वैद्यनाथ असावं, हा तर्क मला पटतो. आताच्या इमारतीत पुढच्या काळातली डागडुजी पुष्कळ आहे, तेव्हा पीठेने रचलेले थर त्यात किती उरले हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. मठ, व्याख्यानशाळा आणि बागा यांचं तर नुसतं वर्णनच उरलं.

विजयसिंहानंतर ते राज्य फार टिकलं नाही.  कलचुरी संवत सरकारी कागदांतून गेला आणि मग लोकांच्या आठवणीतूनही. त्रिपुरीचं तेवर झालं.

सहाशे वर्षांहून अधिक काळानंतर हा दगड ज्याच्या हाती आला, त्या माणसाची कथाही विलक्षण आहे. फिट्झएडवर्ड हॉल. जन्म १८२५, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी. घरातून पळून गेलेल्या भावाला शोधायला तो १८४६ साली कलकत्त्याकडे निघाला, आणि गंगेच्या मुखाशी त्याचं जहाज फुटलं. तो इथेच राहिला, संस्कृत शिकला, काशीत शिकवू लागला. संस्कृत ग्रंथ संपादित करणारा तो पहिला अमेरिकन. पुढे तो सागर-नर्मदा प्रदेशात शाळा तपासनीस झाला आणि १८५७च्या उठावात सात महिने सागरच्या किल्ल्यात अडकून पडला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार विद्वानांना एकच कीलाकार लेख स्वतंत्रपणे वाचायला दिला होता. चौघांची भाषांतरं जुळली आणि मेसोपोटेमियाची लिपी वाचता येते हे जगाने मान्य केलं. वीस वर्षांनी, १८७७ साली, बसऱ्यातला फ्रेंच उपवकील अर्न्स्ट द सार्झेक दक्षिण इराकातल्या तेल्लोच्या टेकाडावर खणू लागला आणि गुडिया पुन्हा उजेडात आला. त्याचे पुतळे पॅरिसला गेले.

भेडाघाटचा दगड त्याच्याही आधी गेला. हॉलने त्यावरचा लेख अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापला, आणि खुद्द दगड त्या संस्थेच्या न्यू हेवन इथल्या संग्रहात दाखल झाला. नर्मदाकाठच्या वैद्यनाथाचा लेख अटलांटिक किनाऱ्यावर! हॉलवर मी राग धरू शकत नाही. त्याने तो वाचला म्हणून नावं कळली. पण ज्या देवळासाठी पृथ्वीधराने अक्षरं आखली आणि महीधराने एकेक खोदलं, तिथे आज तो लेख नाही, हे मला सलतं.

दुसरं वाचन केलं फ्रान्त्स कीलहॉर्न यांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पंधरा वर्षं संस्कृत शिकवलं होतं, पुढे ते जर्मनीत गटिंगेनला गेले. लेखांतले वार, तिथ्या आणि ग्रहणं ताडून पाहत कलचुरी संवताचा आरंभ इसवी सन २४८च्या सुमारास येतो, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. या लेखात तिथीबरोबर रविवार दिला आहे. तो वार नसता तर ६ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला ताडून पाहता आली नसती.

आणि तिसरे, आपले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कोकणात जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आयुष्य घालवलेले हे संस्कृतचे प्राध्यापक गावोगावच्या ताम्रपटांमागे आणि शिळांमागे हिंडत राहिले. कलचुरी संवतातले सारे कोरीव लेख त्यांनी एकत्र आणले आणि १९५५ साली, म्हणजे अल्हणदेवीच्या लेखाला बरोबर आठशे वर्षं होत असताना, त्यांचा ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’चा चौथा खंड दोन भागांत प्रसिद्ध झाला. नाशिकपासून रेव्यापर्यंत पसरलेल्या त्या लेखांत प्रत्येकाचं मूळ, भाषांतर आणि टिपा आहेत. राजांइतकीच काळजी मिराशींनी कवी, लेखक आणि खोदणाऱ्यांची घेतली आहे. शशिधर आणि पृथ्वीधर हे दोघे भाऊ एका घरातले कवी म्हणून आपल्याला भेटतात ते या मेहनतीमुळे.

मूळ दगड परत यावा ही इच्छा मनात आहेच. पण तोवर एक काम इथल्या इथे होऊ शकतं. ठसा आहे, पाठ आहे, भाषांतर आहे. टेकडीच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे या लेखाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी करावी, तिच्याशेजारी सोप्या हिंदीत, आणि मराठीतही, तिचा अर्थ लिहावा. त्यात अल्हणदेवी असावी, दोन गावं असावीत, व्याख्यानशाळा असावी. आणि शेवटची चार नावं इतकी मोठी असावीत की घमापुरातून सहलीला आलेल्या चौथीच्या पोरांनाही ती मोठ्याने वाचता येतील: शशिधर, पृथ्वीधर, महीधर, पीठे.